लातूरची पाण्याची रेल्वे: प्रशासनाची कमाई की उशिराची पावती?

नाक्यावरचा

परवा औशाजवळ एका लग्नात पंगतीला बसलो होतो. कुणीतरी जारचं पाणी अर्धं पिऊन ग्लास तसाच ठेवला, त्यावरून लातूरच्या २०१६ च्या पाणीटंचाईचा विषय निघाला आणि वरमाय येऊन हात जोडेपर्यंत भांडण काही थांबलं नाही. चुलतमामा म्हणाले, "त्या साली प्रशासनानं लातूर वाचवलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, साधी गोष्ट आहे का?" मी म्हणालो, मामा, ती रेल्वे म्हणजे ऑक्टोबर २०१५ मध्ये न घेतलेल्या निर्णयाची पावती होती. मामा अजून बोलत नाहीत.

माझं म्हणणं नीट मांडतो. शहर पितं ते मांजरा धरणाचं, धनेगावचं. २०१४ गेलं, २०१५ चा पावसाळाही गेला आणि धरण मृतसाठ्यात होतं, म्हणजे दारातून सोडता येत नाही एवढंच तळाचं पाणी. हे कुणापासून लपलेलं नव्हतं, पाटबंधारेवाले रोज पातळी लिहितात. तरी नळ बंद व्हायला फेब्रुवारी उजाडला. मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी टाक्या, विहिरी आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत, ३१ मेपर्यंत. एप्रिलच्या १२ तारखेला पहिली गाडी आली. १० वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीवाले डबे, सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहर ३ लाख ८३ हजारांचं. करा भागाकार. माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. आमच्याकडं पाव्हणा आला तर चहाच्या आधी एवढं पाणी तांब्यातून जातं. आणि त्या गाडीचं हार घालून स्वागत.

पुढं ५० वाघिणी झाल्या, २५ लाख लिटर, ते मान्य. पण ऑक्टोबरमध्येच पुरवठा निम्म्यावर आणला असता, नदीवरच्या बराजमधलं, म्हणजे बंधाऱ्यांमधलं, उरलंसुरलं पाणी पिण्यासाठी राखून वरचे उपसा पंप बंद केले असते, तर मार्चला पोलीस उभे करावे लागले असते का?

मिरजेचा पाव्हणा

दादा, भागाकार बरोबर आहे, पण तुम्ही फक्त लातूरच्या टोकाला उभं राहून बघताय. इकडच्या टोकाची गोष्ट ऐका. वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आल्या, कारण त्यातून आधी तेल वाहिलेलं. मिरजेत रेल्वेची जुनी हैदरखान विहीर, तिथं कृष्णेचं पाणी येतं. ते शुद्ध करून वाघिणींत चढवायचं म्हणजे पंप, नळ, वीज, सगळं काही दिवसांत उभं केलं. महापालिका, जिल्हा परिषद, रेल्वे, जीवन प्राधिकरण ही मंडळी एका खोलीत बसून एरवी चहासुद्धा एकमतानं मागवत नाहीत. इथं काम झालं.

आमच्याकडंही तेव्हा कुरकुर होतीच, "आमचं पाणी चाललं" म्हणून. पण स्टेशनवर बघायला गेलेली माणसं गप्प उभी राहून परत यायची. घर पेटल्यावर बंबवाल्याला, गेल्या वर्षी वायरिंग का बदललं नाही, असं विचारत नाहीत.

नाक्यावरचा

बंबवाल्याला नाहीच विचारत. घरमालकाला विचारतो. इथं दोघं एकच आहेत, तीच तर अडचण आहे.

टंचाई शाखा

मी लातूरचा नाही. दुसऱ्या जिल्ह्यात तहसीलला टंचाईचं टेबल १४ वर्षं सांभाळलं, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो.

टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन टप्प्यांत करतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुणी झोपलेलं नसतं, निदान टेबलावर तरी. त्यात क्रम ठरलेला असतो. आधी विहिरीतला गाळ काढा, नळयोजना दुरुस्त करा, विंधन विहीर घ्या, नदीच्या पात्रात बुडक्या, म्हणजे खड्डे, घ्या, खासगी विहीर अधिग्रहित करा. एवढं करूनही भागलं नाही, तर शेवटी टँकर. टँकरचा प्रस्ताव आला की तहसीलदार आणि गटविकास अधिकारी गावात जाऊन संयुक्त पाहणी करणार, विहिरीत दोर सोडून पाणी मोजणार, मग मंजुरी. खेड्याला माणशी २० लिटर. लोक आम्हाला शिव्या देतात की टँकर उशिरा येतो. अहो, लवकर दिला तर लेखापरीक्षणवाले विचारतात, विहिरीत अडीच फूट पाणी असताना टँकर का दिला? त्या अडीच फुटाचं स्पष्टीकरण मी लेखी दिलेलं आहे, तीन वेळा.

दुसरं १४४ चं. वरून बघणाऱ्याला ते पोलिसी वाटतं. टँकर भरायच्या ठिकाणी रात्री दोनला काय चालतं ते ज्यानं बघितलंय तो नाव ठेवणार नाही. चालकाला खाली ओढतात, पाईप कापतात, एकदा तर व्हॉल्वच काढून नेला होता. भरलेला टँकर सुरक्षित बाहेर काढायचा, एवढंच त्या कलमाचं काम.

हंडाकळशी

काका, तुमचं व्हॉल्वचं पटलं. पण १४४ नं गर्दी टाकीजवळून उठली आणि आमच्या गल्लीत येऊन बसली, हेही लिहा.

तेव्हा घराला दोनशे लिटर, तेही आठ-दहा दिवसांनी. घरात सहा माणसं, त्यात सासरे अंथरुणाला खिळलेले. गल्लीत प्रत्येक घरासमोर निळं पिंप, त्याला साखळी आणि कुलूप. घागरींवर ऑइलपेंटनं आडनाव. आमच्या आडनावाची तीन घरं, म्हणून मी खाली एक कमळ काढलं होतं, त्यावरून निवडणुकीचे टोमणे खाल्ले ते वेगळेच. टँकर कधी येणार ते कुणी सांगायचं नाही. रात्री साडेअकराला आला तर साडेअकराला. एकदा मी दवाखान्यात होते, शेजारणीनं पिंपाचं झाकण उघडं ठेवलं नाही, नळी पुढं गेली. पुढचे नऊ दिवस जारवर काढले. जार विकणारे त्या उन्हाळ्यात दुमजली झाले.

मला रेल्वेचं कौतुकही नाही आणि रागही नाही. मला एवढंच वाटायचं, वार आणि वेळ लिहून एक कागद गल्लीच्या तोंडाशी चिकटवायला किती पाणी लागतं?

नाक्यावरचा

ताई, मी एवढं लांबलचक लिहिलं, पण हा कागद मला सुचला नव्हता.

सहाशे फूट

सगळे बोलले, उसावर कुणी आलं नाही याचं आश्चर्य वाटलं. येणारच आहे म्हणून आधीच बोलतो. होय, माझा ऊस होता. चार एकर. लातूर तालुक्यात नाही, नदीच्या वरच्या अंगाला.

सोयाबीनचं त्या साली काय झालं ते माहीत आहे का? पाऊसच नव्हता, झाडाला शेंगा मोजून सात. तुरीला भाव येतो तेव्हा आमच्याकडं तूर नसते, तूर असते तेव्हा भाव नसतो. उसाला निदान कारखाना घरी येऊन तोडून नेतो आणि भाव आधी ठरलेला असतो. शहरातला माणूस म्हणतो, उसानं पाणी प्यालं. बरं. मग पंप बंद करायचा आदेश घेऊन ऑक्टोबरमध्ये कोण आलं माझ्याकडं? कुणीच नाही. एप्रिलमध्ये मात्र वीज तोडायला दोन जीप. तोवर ऊस कारखान्यात गेला होता आणि खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, पाणी देऊन झालं होतं.

नाक्यावरचा

म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय की ओ.

सहाशे फूट

तुमची नाही. तुम्ही म्हणताय पंप बंद करायला हवे होते. मी विचारतोय, बंद केले असते तर उभ्या पिकाचे पैसे कोण देणार होतं? टंचाई शाखावाले काका, विहीर अधिग्रहित केली की मालकाला मोबदला मिळतो ना? मग पीक सोडायला लावलं की का नाही?

टंचाई शाखा

विहिरीला मिळतो, रोजच्या हिशेबानं, आणि वेळेवर मिळत नाही हेही खरं. पीक सोडण्याला मोबदला द्यायचं कलम माझ्या टेबलावर तरी कधी आलं नाही. पाणी पिण्यासाठी राखीव करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण राखलेलं पाणी रात्रीच्या मोटारींपासून वाचवायला माणसं लागतात. एका तालुक्याला नदीकाठची ४० गावं आणि तलाठी निम्म्याच सज्जांवर, बाकीच्या जागा रिकाम्या.

आणि तुमचं नाव सहाशे फूट आहे म्हणून विचारतो. भूजल कायद्याच्या लेखी ६० मीटरच्या पुढची विहीर खोल विहीर, अधिसूचित भागात शेतीला मनाई. दोनशे फूट झाले ते. बाकीचे चारशे कुणाच्या परवानगीनं?

सहाशे फूट

बोअरच्या गाडीवाल्याच्या. तो तमिळनाडूहून येतो, फुटावर पैसे घेतो, कायदा विचारत नाही. लातूर शहरातही घरोघर तेच आहे, फक्त तिथं फरशीखाली झाकलेलं असतं.

अड्यारहून

माहेर उदगीर, गेली ११ वर्षं चेन्नईत. २०१९ च्या जूनमध्ये इथले चारही मोठे तलाव आटले, पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे सुरू झाली, तीही ५० वाघिणींची, २५ लाख लिटरच. बातमी बघून आईला फोन केला, ती म्हणाली, "आपलीच गाडी तिकडं धाडली काय गं?"

इथं घरोघर छतावरचं पाणी जिरवायची सक्ती २००३ पासून आहे. तरी रेल्वे आलीच. म्हणून नाक्यावरच्या दादांचं "ऑक्टोबरमध्ये ठरवलं असतं तर" मला जरा सोपं वाटतं. चेन्नईसारख्या श्रीमंत शहराला जमलं नाही. राजकोटलाही १९८६ मध्ये रेल्वेनंच पाणी न्यावं लागलं होतं. टंचाईची पहिली सही कुणालाच करायची नसते, कारण ती केल्यावर पाऊस पडला तर हसं होतं.

मिरजेचा पाव्हणा

आणि २०१६ ला तेच झालं असतं! मांजरा भरलं ना सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात. ऑगस्टपर्यंत गाड्या चालल्या, शंभराच्या वर फेऱ्या, आणि दीड महिन्यात लोक धरणावर सेल्फी काढायला.

मधल्या काळात लातूरकरांनी स्वतः वर्गणी काढून मांजरेचं पात्र खोल केलं, गाळ उपसला, हे कुणी लिहिलं नाही अजून. डॉक्टर, व्यापारी, सगळे पोकलेनच्या डिझेलचा हिशेब ठेवत होते. त्यात प्रशासन आडवं आलं नाही, हीसुद्धा कमाईच धरा.

नाक्यावरचा

धरतो. मी स्वतः पाचशे एक दिले होते, पावती आहे.

अड्यारच्या ताईंचं बरोबर आहे, पहिली सही अवघड असते. पण मग तिला माणसाच्या हिमतीवर सोडूच नका. १५ ऑक्टोबरला धरणात अमुक इतकंच पाणी असेल तर शहराचा पुरवठा आपोआप निम्म्यावर, वरचे पंप आपोआप बंद, आणि सहाशे फूटवाल्यांचे पैसे त्याच दिवशी खात्यावर. आकडा आधीच छापलेला असला की कुणाला हसायला जागा नाही. पैशाचं म्हणाल तर रेल्वेनं त्या मे महिन्यात सुमारे चार कोटींचं बिल पाठवलं होतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला. टँकरचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

१४४ च्या बाबतीत माघार घेतो. व्हॉल्वचं माहीत नव्हतं.

सहाशे फूट

आकडा छापा. पण एकरी किती, तेही त्याच कागदावर छापा. आणि तो कागद ताईंच्या गल्लीत लावा तसा आमच्या चावडीवर पण लावा.

हंडाकळशी

आमच्या गल्लीत लावला तर डिंकानं लावू नका, वाऱ्यानं उडतो. खिळा मारा.

ते निळं पिंप अजून गच्चीवर आहे. सासरे गेले, पण सासूबाई पिंप भंगारवाल्याला देऊ देत नाहीत. दर पंधरा दिवसांनी झाकण काढून आत बघतात, भरलेलं आहे का.