सिराजसाठी पेटलो, मग सायमंड्सच्या वेळी काय झालं होतं?

कट्टेकरी:
जानेवारी २०२१, सिडनी. बाउंड्रीवरच्या आपल्या बोलर सिराजला प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या पडल्या, खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. आपण भडकलो, रास्तच होतं. पण ऑक्टोबर २००७ चं वानखेडे? ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय अँड्र्यू सायमंड्सला बघून काखा खाजवत माकडासारखे हुपहुप करणारे आपलेच होते ना? आधी बडोद्यात तेच झालं, तेव्हा असं काही घडलंच नाही म्हणून हात झटकले. मुंबईत फोटो निघाले म्हणून चौघांना तरी पोलिसांनी उचललं.

उलटा फटका:
ऑस्ट्रेलियावाल्यांची वकिली बास. तोंडाची गटारं त्यांनी उघडायची आणि मर्यादा कुठली हेही त्यांनीच ठरवायचं? २००८ ची सिडनी कसोटी विसरलात. सायमंड्स ३० वर असताना बॅटची कड लागलेली टीव्हीसमोरच्या आजीलाही ऐकू आली, अंपायर बकनरला नाही. पठ्ठ्या नाबाद १६२! वर सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याच्या आरोपावरून भज्जीला, म्हणजे हरभजनला, तीन कसोटींची बंदी. ॲडलेडला न्यायमूर्ती हॅन्सनसमोर अपील झालं तेव्हा वर्णद्वेषाचा आरोप टिकलाच नाही, अर्ध्या मानधनाचा दंड झाला तो शिवीगाळीचा.

कट्टेकरी:
वानखेडे सिडनीच्या अडीच महिने आधीचं. बकनरचा बदला आगाऊ घेतला होता का?

नॉर्थ स्टँडचा पाव्हणा:
अहो, वानखेडेचं पब्लिक कुणालाच सोडत नाही. २००६ ला इंग्लंडविरुद्ध एक धाव काढून परतलेल्या सचिनचीही हुर्यो उडवली होती. घरच्या देवाला! तो पण वर्णद्वेष?

रानजाई:
सचिनची हुर्यो उडाली ती त्याच्या खेळावरून. सायमंड्सची त्याच्या रंगावरून. हा फरक कळत नसेल तर कठीण आहे. मी होते सायमंड्सच्या त्या मॅचला. पुढच्या रांगेत एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट वगैरे, आणि शेजारी त्यांचं शाळकरी पोर. बाप हुपहुप करतोय म्हणून पोरगंही करत होतं. बापाला कौतुक! आजूबाजूचे आम्ही सगळे गप्प, वडापाव खात.

उलटा फटका:
चार टवाळांवरून सगळ्यांना झोडू नका.

रानजाई:
टवाळ स्टँडमध्येच असतात असंही नाही. वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने २०२० मध्ये सांगितलं की आयपीएलच्या हैदराबाद संघात त्याला ‘कालू’ म्हणायचे. त्याला तसंच म्हणणारी ईशांत शर्माची २०१४ ची पोस्टही वर आली. ते तर सहकारी होते.

उलटा फटका:
आणि पुढे सॅमीनेच सांगितलं की एकाशी बोलणं झालं, प्रेमाने म्हणायचे. त्याने मिटवलं, तुम्ही का उकरताय? सिराज प्रकरणातले ते सहा जणही दोषी नव्हतेच, चौकशीत निघालं.

कट्टेकरी:
अर्धंच सांगताय. सिराजला वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागले हे त्याच चौकशीने मान्य केलं.

नॉर्थ स्टँडचा पाव्हणा:
सोडा हो. भज्जी आणि सायमंड्स २०११ ला मुंबई इंडियन्सकडून एकत्र खेळले. ज्यांचं भांडण त्यांनी मिटवलं, आता सायमंड्सही राहिला नाही.

रानजाई:
भज्जीचं मिटलं. पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचं कुणाशी मिटलं?