फोडणीला वाजणारा आणि ड्रिलने गप्प होणारा फायर अलार्म: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी इंदूरमध्ये विजेची कामे घेणारा लहान कंत्राटदार आहे. भंवरकुआँ भागातील एका चार मजली वसतिगृहात ॲड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता-क्रमांक असलेला) फायर अलार्म बसवण्याचे काम मी सल्लागाराच्या ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण केले आणि गेले दोन महिने त्याच कामाच्या तक्रारी निस्तरतो आहे.

ड्रॉइंग करणाऱ्याने छत मोजून ठरावीक अंतरावर स्मोक डिटेक्टर मांडले. त्या छताखाली काय चालते, हे पाहण्याची तसदी घेतली नाही. एक डिटेक्टर स्वयंपाकघराच्या दारापासून जेमतेम चार फुटांवर आहे. सकाळी पावणेसातला पोह्यांसाठी मोहरी-मिरचीची फोडणी पडली, की पॅनेलवर ०३७ हा पत्ता उमटतो आणि चारही मजल्यांवर हूटर वाजतात. तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघरासमोरचा डिटेक्टर गरम पाण्याच्या वाफेने तेच करतो. मुलांनी आता त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आहे आणि चौकीदार पॅनेल न वाचताच आवाज बंद करतो. रोज खोटे ओरडणाऱ्या यंत्राला दुसरी कोणती वागणूक मिळणार, हे मलाही सांगता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट मागच्या आठवड्यात घडली. पहिल्या मजल्यावर कोणीतरी पडद्याच्या दांडीसाठी मारलेले ड्रिल थेट आमच्या पाइपात शिरले. लूपची, म्हणजे पॅनेलपासून निघून सगळे डिटेक्टर जोडत पुन्हा पॅनेलला येणाऱ्या वायरिंगची, जाणारी आणि परतीची केबल एकाच पाइपातून नेलेली होती, त्यामुळे दोन्ही एकदम शॉर्ट झाल्या. शॉर्ट झालेला भाग वेगळा काढणारा आयसोलेटर एकही नसल्याने सगळे डिटेक्टर पॅनेलवरून नाहीसे झाले. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालावे, यासाठीच तर लूप असतो! ड्रॉइंगमध्ये तसेच दाखवले होते हे खरे, परंतु प्लास्टर होण्यापूर्वी हरकत घ्यायला हवी होती ती मीच, हेही मान्य करतो. शिवाय अभ्यासिकेत एसीच्या डक्टमुळे फॉल्स सीलिंगच्या वर सुमारे ९०० मिमी पोकळी आहे. आयएस २१८९ या फायर अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणे ८०० मिमीपेक्षा खोल पोकळीतही डिटेक्टर लागतात. तिथे एकही नाही.

स्वयंपाकघरालगत हीट डिटेक्टर लावण्याचे मी ठरवले आहे. परंतु न्हाणीघरासमोरच्या बोळातच खोल्यांची दारे उघडतात आणि झोपलेल्या मुलांसाठी तिथे धूर लवकर कळणे आवश्यक आहे. मग धूर आणि उष्णता दोन्ही ओळखणारा मल्टिसेन्सर बसवावा, की आहे तोच डिटेक्टर सरकवून भागेल? परतीची केबल भिंती न फोडता दुसऱ्या शाफ्टमधून खुली नेली, तर तपासणीत अडचण येते का? मजल्यागणिक एक आयसोलेटर पुरेसा ठरतो का?

खर्चाचे म्हणाल, तर सल्लागार माझ्या सहीकडे बोट दाखवतात आणि मालकांचे एकच म्हणणे आहे की अलार्म वाजू नये एवढे करा. पॅनेल दोन लूपचे असून दुसरा लूप अद्याप रिकामा आहे. वरचे दोन मजले त्यावर घेणे शहाणपणाचे ठरेल का, हेही कृपया सांगावे.