बीडीडी चाळी : जपायचे ते नेमके काय?

मूळ मांडणी : ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा मला आनंदच आहे. तरीही १९२० च्या दशकातील या काँक्रीटच्या ठोकळ्यांत ना कमान आहे ना कोरीवकाम. त्यांचे वारसामूल्य असलेच तर ते मधल्या लांब कॉरिडॉरमध्ये आहे, जिथे दोन्ही बाजूंची दारे दिवसभर उघडी असत, माझ्या मावशीच्या उंबऱ्याशी चार घरांच्या चपला पडलेल्या असत आणि कोणाकडे सुकट भाजली जात आहे हे जिन्यातच कळे. म्हणून निदान एक चाळ, तिच्या वापरासह, राखावी.

पहिला प्रतिसाद : मी त्याच कॉरिडॉरमध्ये वाढलो. १६० चौरस फुटांत सात माणसे असली की दार उघडे ठेवावेच लागते. त्याला शेजारधर्म हे नाव पाहुण्यांनी दिले. आणि वापरासह राखायची, तर सामायिक संडासापुढे पहाटे रांगेत उभे कोणी राहायचे?

मूळ लेखक : रास्त. ‘वापरासह’ हा शब्द मागे घेतो. पण दार अडचणीपोटी उघडे राहिले, एवढ्याने त्या दारातून जे आले-गेले ते खोटे ठरत नाही. १९८२ च्या गिरणी संपात मावशीच्या डब्यातले पीठ अनेकदा शेजारून आलेले असे.

दुसरा प्रतिसाद : जपानमधील इसे येथील मंदिर दर २० वर्षांनी नव्याने बांधले जाते, शेवटचे २०१३ मध्ये; म्हणून त्याचे मोल घटत नाही. वास्तूचा अस्सलपणा ठरवताना केवळ साहित्य नव्हे, तर तिचा भावही पाहावा, हे वारसा-जतनाविषयीच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजाने मान्य केले आहे. मग टॉवरचाच विटाळ कशाला?

तिसरा प्रतिसाद : हे उदाहरण तुमच्यावरच उलटते. इसेला आराखडा आणि सुतारकामाची रीत तीच राहते, फक्त लाकूड बदलते. इथे आराखडाच बदलला आहे, आणि चाळीचे वळण त्या आराखड्यानेच घडवले होते.

पहिला प्रतिसादकर्ता : नव्या इमारतीत ‘चपला दाराबाहेर ठेवू नयेत’ अशी पाटी लागली आहे. ती लावायचा आग्रह माझ्या आईचा होता. मात्र दुपारी दोननंतर ती स्वतः लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसते.