घरी ऑटोमॅटिक, ऑफिसात आकडे: आठवतंय का कुणाला?

काल लॅपटॉपची जुनी बॅग झटकली तर एक चिठ्ठी पडली. अक्षर माझंच, वर ऑफिसचं नेट जोडायची सेटिंग. आयपी (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता), सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे, दोन डीएनएस, प्रॉक्सी (ब्राउझर ज्याच्यातून नेटवर जातो तो मधला सर्व्हर). खाली दोनदा अधोरेखित: "घरी गेल्यावर ऑटोमॅटिक कर!!" विंडोज एक्सपीचे दिवस. सकाळी ऑफिसात आकडे हाताने भरा, रात्री घरी पुसा, म्हणजे लॅपटॉप पत्ता आपोआप घेणार. एकदा शेवटचा आकडा चुकला आणि मी नेमका ऑफिसच्या प्रिंटरचा पत्ता घेऊन बसले. अर्धा दिवस सगळे प्रिंटरला थपडा मारत होते. मीपण. आज पहिल्यांदाच कबूल करतेय. तुमचे किस्से येऊ द्या.

ढिम्म
प्रॉक्सी!!! आयपी बदलायचो, प्रॉक्सीची टिक काढायला विसरायचो. पिंग जातंय, म्हणजे नेट चालू, पण ब्राउझर हलत नाही. कस्टमर केअरवाल्याशी कचाकचा भांडलो, त्याने तीनदा राउटर बंद-चालू करायला लावला. चौथ्यांदा टिक दिसली. गुपचूप फोन ठेवला.

निवांत
अहो, एक्सपीतच 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' टॅब होता की. मुख्य पानावर ऑटोमॅटिक, ऑफिसचे आकडे त्या टॅबमध्ये. डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारा सर्व्हर, सापडला नाही की आपोआप ते लागू. ऑफिसात डीएचसीपी असेल तर मात्र उपयोग शून्य.

धागाकर्ती
@निवांत, आत्ता सांगताय होय!

अर्धवटराव
मी नेटशच्या (कमांड देऊन नेटवर्क सेटिंग बदलणारं विंडोजचं टूल) दोन बॅच फाइली डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या, 'घर' आणि 'ऑफिस'. ॲडमिन म्हणून चालवायच्या, काम फत्ते. एकदा घरून मीटिंग चालू असताना लेकीने 'ऑफिस'वर डबलक्लिक केलं. बाबा ऑफिसात पोचले, मीटिंग घरीच राहिली.

ढिम्म
😂😂

सफरचंद
मॅक. ॲपल मेनू, लोकेशन, ऑफिस. सेटिंगचा आख्खा संच बदलला, संपलं.

अर्धवटराव
आले!! वाटच बघत होतो.

रिकामटेकडी
१६९.२५४ने सुरू होणारा आयपी दिसला की अजून पोटात गोळा येतो. कुणी पत्ता देईना म्हणून मशीनने स्वतःच ठेवून घेतलेला, बिचारं. आता वायफायगणिक वेगळं सेटिंग राहतं, पोरांना यातलं काही माहीतच नाही. कुकर झाला, येते परत.

निवांत
धागाकर्ती, ती बॅग अजून टिकलीय? माझ्या दोन बॅगांच्या चेन वर्षात गेल्या.

धागाकर्ती
चेन शाबूत आहे हो, अस्तर फाटलंय. चिठ्ठी त्यातच तर अडकली होती. अजून एक पेन ड्राइव्ह लागतोय हाताला, निघत नाहीये.