अनुभव धागा: नवी ऑफर हातात आली की करारात काय काय तपासायचं? (नाशिक)

मंडळी, एप्रिलची पगारवाढ कळली की अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत राजीनाम्यांचा हंगाम सुरू होतो, आणि ऑफर लेटरचे फोटो फिरू लागतात. विचारणारे बहुतेक आकडाच विचारतात, "सहा लाख चांगले का?" पुढची आठ-दहा पानं न वाचता सही होते. म्हणून पगारपत्रक, कायदा, कर, शिफ्ट या विषयांत रोज काम करणाऱ्यांना इथे लिहायची विनंती केली आहे. कुठल्या कंपनीने कोणाला कसं वागवलं ते नको, नावंही नकोत. कोणतं कलम, त्याचा हिशोब कसा, अडकतं कुठे, एवढंच लिहा.

पेरोल, सातपूर

सहा लाखांपासूनच सुरू करतो. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) ६,००,००० भागिले १२ म्हणजे ५०,००० असा हिशोब करून लोक घर भाड्याने घेतात. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना २५,००० धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे महिना ३,०००, वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला १४,४३०. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता समजा ९,५७०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, दहा टक्के, ६०,०००. हे सगळं सहा लाखांतून वजा केलं की उरतात ४,८०,०००, म्हणजे महिना ४०,००० ग्रॉस (कपातीआधीचा पगार). त्यातून तुमच्या बाजूचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यात ३६,८००. पन्नास आणि छत्तीस यात फार मोठं अंतर आहे. त्यामुळे ऑफरसोबत पगाराच्या फोडीचं परिशिष्ट आलं नसेल, तर मेल करून मागायचंच.

यातली ग्रॅच्युइटी कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. दोन-तीन वर्षांत पुढे जायचा विचार असेल, तर तुलनेत ती रक्कम शून्य धरा. व्हेरिएबलबद्दल दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला प्रत्यक्ष किती टक्के मिळालं? आणि वाटपाच्या दिवशी नोकरीत असणं बंधनकारक आहे का? ही अट जवळपास सगळीकडे असते. मार्चअखेरचं व्हेरिएबल जुलैत वाटणार असेल आणि तुम्ही जूनमध्ये बाहेर पडलात, तर वर्षभर काम करूनही हाती काही येत नाही. १ ऑक्टोबरनंतर रुजू होणाऱ्याला त्या वर्षाचं व्हेरिएबल नाही, अशीही ओळ बारीक अक्षरांत असू शकते.

एचआर, अंबड

वरच्या हिशोबात एक भर. पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापायचा पर्याय काही कंपन्या देतात. हातात जास्त येतं. पण कंपनीच्या बाजूचे वाचलेले १,२०० विशेष भत्त्यात दाखवलेत का, ते आधी बघा. दाखवले नसतील तर तुमचा सीटीसी तेवढा कमी झाला.

आता क्रम. तोंडी "सिलेक्टेड" कळल्यावर राजीनामा देऊ नका. लेखी ऑफर येऊ द्या, परिशिष्ट तपासा, शंका मेलवर विचारा, उत्तर मेलवरच घ्या, मग स्वीकृती कळवा आणि त्यानंतर राजीनामा. ऑफर लेटरमध्ये "वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमी पडताळणीच्या अधीन" असं असतं. ती पडताळणी राजीनाम्याआधी पूर्ण करता येईल का, असं सरळ विचारा. निदान वैद्यकीय तपासणी तरी बऱ्याच ठिकाणी आधी करून देतात. ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर ही वेगळी कागदपत्रं आहेत. खरी कलमं दुसऱ्यात असतात आणि ते रुजू होण्याच्या दिवशी टेबलावर येतं, तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते. त्याचा मसुदा आधीच मागून घ्या. देत नसतील तर निदान नोटीस, बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट), बदली आणि प्रोबेशन (कायम होण्याआधीचा परीक्षेचा काळ) ही चार कलमं मेलमध्ये लिहून मागा.

नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, तेही बघा. कामगाराला ९० दिवस आणि कंपनीला एक महिन्याचा पगार देऊन मोकळीक, अशी कलमं येतात. नोटीस कमी करून पैसे भरायचे असतील तर ते बेसिकवर की ग्रॉसवर, हे लिहिलेलं हवं. वरच्याच उदाहरणात तीन महिन्यांचे बेसिकवर ७५,००० होतात, ग्रॉसवर १,२०,०००. "व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" असे शब्द असतील, तर पैसे भरूनही लवकर सोडतील याची खात्री नाही. प्रोबेशनचं कलम वाचताना "लेखी कायम केल्याशिवाय प्रोबेशन चालू राहील" ही ओळ शोधा. ती असेल, तर सहा महिने संपले की पत्र मागणं तुमच्याकडे आलं.

वकील, कामगार कायदे

बाँडबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, बाँड म्हणजे बेकायदेशीर कागद, सही करा आणि विसरा. दोन, बाँड म्हणजे वेठबिगारी, सोडताच येत नाही. दोन्ही चूक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. पण तिथे पद वरिष्ठ होतं आणि सार्वजनिक बँकेला भरतीची लांबलचक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे न्यायालयाने विचारात घेतलं. करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे बाँडमध्ये लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाई तेवढीच किंवा त्याहून कमी. पंधरा दिवस मशीनवर उभं करून "प्रशिक्षण खर्च तीन लाख" लिहिलं असेल, तर तो खर्च नेमका काय हा प्रश्न उभा राहतो. म्हणून सहीआधी लिहून घ्या: प्रशिक्षण कोणतं, किती दिवसांचं, कुठे, खर्च किती. आणि रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं कलम मागा. २४ महिन्यांचा बाँड १८ व्या महिन्यात मोडला तर पूर्ण रक्कम नाही, एक चतुर्थांश. हे मागणं वाजवी आहे आणि बऱ्याचदा मान्य होतं.

मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला देऊ नका, पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. कोरा सही केलेला चेक तर कदापि नाही. त्यावर रक्कम भरून तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते आणि बाँडचा दिवाणी वाद एका वेगळ्याच वळणावर जातो.

"सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" हे कलम करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. नोकरीत असताना मात्र अशी बंदी चालते. आणि गोपनीयतेचं कलम सोडल्यानंतरही टिकतं. ड्रॉइंग, दरपत्रकं, ग्राहकांची यादी स्वतःच्या मेलवर पाठवली की खरा धोका तिथे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ऑफर वाचताना त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. आणि नोकरी सुटल्यावर वेतनाचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा आहे. "एफ अँड एफ (शेवटचा हिशोब) ४५ ते ६० दिवसांत" असं छापील कलम अजून दिसलं, तर विचारा.

प्रॉडक्शन, सिन्नर

पत्राच्या शीर्षकावर कोणाचं नाव आहे ते आधी वाचा. मुलाखत मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत, पण पत्र कंत्राटदाराचं, असं इथे माळेगाव-मुसळगावला सर्रास होतं. गेटपास एकाचा, सॅलरी स्लिप दुसऱ्याची. पीएफ कोणाच्या कोडवर जमा होणार ते विचारा. आणि "सहा महिन्यांनी ऑन-रोल करू" (म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नोकरीत घेऊ) हे पत्रात नसेल, तर ते हिशोबात धरू नका.

बस कुठून? द्वारका, नाशिकरोड, पाथर्डी फाटा इथून असेल तर ठीक, पण तिन्ही शिफ्टना आहे का? तिसरीला नसते कधीकधी. शहरातून सिन्नर किंवा गोंदे साधारण ३० किलोमीटर. दुचाकीने रोज ६०, महिन्याला २६ दिवस म्हणजे १,५६० किलोमीटर, ४५ च्या सरासरीने जवळजवळ ३५ लिटर पेट्रोल. साडेतीन हजारांच्या वर गेले. चार हजारांची वाढ मिळाली म्हणून अंबड सोडून गोंद्याला जाणाऱ्याने हे गणित आधी मांडावं.

सीए, कॉलेज रोड

जॉइनिंग बोनसचं परतफेडीचं कलम बघा. एक लाख बोनस, २० टक्के दराने सेससह कर कापून हातात ७९,२००. वर्षाच्या आत सोडलं तर कंपनी पूर्ण एक लाख मागते. "निव्वळ रक्कम परत" असं लिहून घेता आलं तर उत्तम.

वर्षाच्या मध्ये बदल केला, तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही कळवलं तर प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाते, खालचे टप्पेही दोनदा, आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते. नव्या कंपनीने नोटीसचे पैसे परत दिले तर ते पगारात धरले जातात, त्यावर कर आहे. नोटीसच्या कापलेल्या पैशावर मात्र जीएसटी नाही, ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट आहे. तरी कोणी १८ टक्के लावले, तर ते परिपत्रक दाखवा.

पीएफ काढू नका, जुन्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं मोजताना ट्रान्सफर केलेली सेवा धरली जाते, आधी काढला तर कर लागतो.

पेरोल, सातपूर (पुन्हा)

यूएएनवरून आठवलं. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख ३१ टाकली आणि नवीनने रुजू २८, तर सेवा एकमेकींवर चढते. २०२५ पर्यंत यावरून ट्रान्सफर अडकायचा, आणि पुढच्या पडताळणीत दोन नोकऱ्या एकत्र दिसतात. रिलिव्हिंग लेटरवरची तारीख आणि पीएफ पोर्टलवरची तारीख एकच आहे ना, रुजू झाल्यावर महिन्याभरात बघून घ्या.

ईएसआयचं काम बघणारी

२०,५०० वरून २२,५०० वर जाणाऱ्यांसाठी. ईएसआयची (कामगार राज्य विमा योजना) वेतनमर्यादा महिना २१,००० आहे. वरच्या पगारावर रुजू झालात की सातपूरच्या कामगार रुग्णालयाचा आधार सुटतो. अवलंबून असलेले आई-वडील ईएसआयमध्ये असतात, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये अनेकदा नवरा-बायको आणि मुलंच. दोन हजारांच्या वाढीतून आई-वडिलांचा स्वतंत्र विमा निघतो का, आधी दर विचारा. घरात बाळ होणार असेल तर आणखी एक: प्रसूती रजेसाठी त्याच मालकाकडे मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं.

दिंडोरी, वाइनरी

जानेवारी ते मार्च द्राक्ष काढणीच्या हंगामात मुदतीच्या नेमणुका निघतात. सिंहस्थ २०२७ च्या कामांसाठीही प्रकल्पापुरती पत्रं येतील. मुदतीचं पत्र वाईट नसतं. नव्या संहितेप्रमाणे अशा नेमणुकीत एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. फक्त शेवटची तारीख पत्रात हवी, "काम संपेपर्यंत" नको. आणि मुदतीआधी बंद केलं तर किती दिवसांचा पगार, ते वाचा.

एचआर, अंबड (पुन्हा)

राहिलं ते बदलीचं. "भारतात कुठेही" हे कलम काढून मिळत नाही. पण "पहिली दोन वर्षं नाशिक, त्यानंतर बदली झाल्यास स्थलांतर खर्च कंपनीचा" एवढं मेलमध्ये मागितलं तर देणारे देतात. हे सहीच्या आधी मागा, नंतर कोणी ऐकत नाही.