मदत हवी आहे: आयबीबीआयची (दिवाळखोरी प्रक्रियांची नियामक संस्था) १ टक्का फी नेमक्या कोणत्या रकमेवर?

नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनलने (दिवाळखोरी प्रकरणं हाताळणारा व्यावसायिक) आधीच्या आर्थिक वर्षात कमावलेल्या व्यावसायिक फीवर १ टक्का रक्कम ३० एप्रिलपर्यंत फॉर्म ई (कमावलेल्या फीचा तपशील) सोबत भरायची, इथवर सगळं स्पष्ट आहे. अडतंय ते 'कमावलेल्या' या शब्दावर.

समजा सीओसीने (कर्जदात्यांची समिती) रिझोल्यूशन प्रोफेशनलची (प्रकरण चालवण्यासाठी नेमलेला इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल) फी दरमहा २ लाख मंजूर केली. जानेवारी ते मार्चचं ६ लाखांचं बिल ३१ मार्चला लागलं, पैसे जूनमध्ये आले. ही रक्कम कोणत्या वर्षात दाखवता? प्रश्न ६,००० रुपयांचाच, पण फॉर्म ईचा आकडा प्राप्तिकर विवरणपत्राशी आणि आपल्या प्रोफेशनल एजन्सीला (जिचे आपण सदस्य असतो) दिलेल्या खर्चाच्या तपशिलाशी जुळला नाही की खुलासे देत बसावं लागतं. टीडीएस वजा न करता पूर्ण रक्कम धरायची हे उघड आहे. १८ टक्के जीएसटी मात्र बाहेर ठेवता ना?

दुसरा गुंता सीआयआरपी (कंपनीची दिवाळखोरी निराकरण प्रक्रिया) नियमावलीतल्या नियम ३१अ चा. व्हॅल्युअर, वकील वगैरे नेमल्याचा जो खर्च सीआयआरपी खर्चात पडतो, त्यावरही १ टक्का लागतो. ही फी वेगळी, प्रोफेशनलच्या स्वतःच्या फीवरची वेगळी. एकाच चलनात दोन्ही ढकलली की पुढे ताळमेळ लागत नाही. मग सहाय्य सेवा आयपीईकडून (इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल्सची मान्यताप्राप्त संस्था) घेतली असेल, तर तो खर्च ३१अ मध्ये धरूनही आयपीई आपल्या उलाढालीवर पुन्हा फी भरते का?

लेखापरीक्षणात किंवा तपासणीत हे मुद्दे निघाले असतील, तर कोणती पद्धत मान्य झाली तेवढं सांगा. नियमांचा मजकूर हाताशी आहे, प्रत्यक्षात काय चालतं ते हवंय.