अनुभव धागा: फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) घेताना कोणतं व्हेरिएंट, कोणते ऑप्शन?

ठाणे-नवी मुंबईत राहून पावसाळ्यात कच्च्या रस्त्यांना लागणाऱ्यांनी लिहा. पार्ट आणि आकडे हवेत, "गाडी रुबाबदार आहे" नको.

घोडबंदरकर: मारुतीच्या जिम्नीचं उत्तर सोपं आहे. झेटा व्हेरिएंट असो वा अल्फा, ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरबॉक्स), लो-रेंज (वेग कमी, जोर जास्त) आणि १९५/८० आर१५ टायर तेच. अल्फाचे जास्तीचे पैसे एलईडी दिवे, अलॉय रिम, क्रूझ कंट्रोल, मोठ्या स्क्रीनचे. झेटाचं स्टीलचं रिम दगडावर वाकलं तर गावातला पंक्चरवालाही हवा धरण्याइतपत ठोकून देतो. अलॉयला तडा गेला की थेट स्टेपनी.

खारघर_४एल: रिम मोठं झालं की टायरची भिंत (रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर) सहसा घटते, पण शोरूममध्ये कोणी बोलत नाही. महिंद्राच्या २०२० च्या थारमध्ये एएक्स व्हेरिएंटला २४५/७५ आर१६, म्हणजे भिंत २४५ च्या ७५ टक्के, साधारण १८४ मिमी. एलएक्सच्या २५५/६५ आर१८ ला १६६. थार रॉक्सच्या एएक्स७एल व्हेरिएंटमधल्या २५५/६० आर१९ ला जेमतेम १५३. चिखलात हवा १८-२० पीएसआयवर आणली की हीच भिंत दबून टायर लांबट टेकतो. कॉम्प्रेसर मात्र बरोबर हवाच. तेवढ्याच हवेवर हायवेला लागलात तर टायर तापून फुटेल.

पनवेलची मावशी: पैसे डिफरेन्शियल लॉकवर घाला (डिफरेन्शियल चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, लॉक त्यांना एकत्र बांधतो), नंतर बसवणं महाग आणि कटकटीचं. लॉकऐवजी ब्रेकवर चालणारी सिस्टीम हवेत फिरणारं चाक ब्रेकने धरते. लांबलचक चढावर ब्रेक तापतात. थारमधला मेकॅनिकल लॉक चाकांच्या वेगात फरक पडला की आपोआप 'खट्' करून बसतो. लोक नेमके त्याच्या क्षणभर आधी ॲक्सिलरेटर सोडतात आणि "लॉक चालत नाही" म्हणतात. फोर्सच्या गुरख्यात पुढे-मागे दोन्ही लॉक आहेत, तेही आपल्या हातात.

कोलशेत_स्टॅक: मावशी, लॉक मान्य, पण आधी सोसायटीच्या स्टॅक पार्किंगची (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) उंची टेपने मोजा. जिम्नी १७२० मिमी, रॉक्स १९२३. वर कॅरिअर लावलं तर संपलंच. आणि रोड टॅक्स: डिझेलला १० ते २० लाखांत १४ टक्के, २० च्या वर १५. सनरूफपायी २० ओलांडलं तर जादा टक्का अख्ख्या किमतीवर.

खारघर_४एल: बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) घेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे. त्याऐवजी अडकलेली गाडी ओढायला शॅकल (लोखंडी कडी) आणि रिकव्हरी स्ट्रॅप (पट्टा) घ्या. येऊरच्या जंगलात गाडी घालायचा विचारही नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

घोडबंदरकर: डिलिव्हरीआधी ४एल (चारही चाकं, लो-रेंज) टाकून बघा. मातीच्या जागेवर, गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ. दिवा लुकलुकत राहिला तर दहा फूट पुढे-मागे करा, गिअर बसतात. सिमेंटच्या रस्त्यावर ४एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) वळू नका: मध्ये डिफरेन्शियल नसल्याने पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, गाडी अडखळते आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. पुढे-मागे करूनही ४एलचा दिवा स्थिर झाला नाही, तर सही करू नका.